परदेशातल्या चर्चमध्ये आठवणीची मेणबत्ती: कुठे, केव्हा, किती पैशांत

पासपोर्ट लागत नाही, बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही, तुम्ही ख्रिस्ती आहात का हेही कुणी विचारत नाही. कॅथलिक चर्चचं दार उघडं असेल आणि आत मेणबत्त्यांचा स्टँड असेल, तर आपल्या गेलेल्या माणसासाठी तुम्ही तिथे मेणबत्ती लावू शकता. युरोपात खर्च साधारण १ ते ५ युरो, म्हणजे १०० ते ५०० रुपयांच्या घरात. वेळ दहा मिनिटं. साध्या मेणबत्तीला याहून जास्त पैसे किंवा कसलेही कागद कुणी मागत असेल, तर ते चर्चसाठी नाहीत असं समजा.

मेणबत्तीपेक्षा दारातलं तिकीटच तुमच्या खिशाला जास्त कात्री लावतं आणि पुष्कळदा ते काढायची गरजच नसते. पॅरिसचं नोत्र दाम आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. आत जायला पैसे नाहीत. वेळ आधी राखून ठेवता येते, तीही फुकट आणि ऐच्छिक. ‘नोत्र दाम प्रवेश’ म्हणून पैसे घेणाऱ्या वेबसाइट तुम्हाला गाइड किंवा टूर विकत असतात. रोमच्या सेंट पीटर्समध्ये प्रवेश मोफत आहे. रांग असते ती सुरक्षा तपासणीची. मिलानच्या दुओमोत पर्यटकांना तिकीट आहे, पण प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी वेगळं दार आणि राखून ठेवलेली जागा आहे, तिथे तिकीट नाही. रोमचं पँथिऑन हेही चर्चच आहे. २०२३ मध्ये तिथे ५ युरोचं तिकीट सुरू झालं, मिस्साला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) येणाऱ्यांना ते माफ आहे. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाचं तिकीट चांगलंच महाग. मात्र तिच्या पोटातली क्रिप्ट (तळघर) हे चालू पॅरिश चर्च, म्हणजे वस्तीचं नेहमीचं चर्च आहे, तिचं दार वेगळं आहे आणि प्रार्थनेच्या वेळात आत जायला पैसे पडत नाहीत. दारावरच्या माणसाला ‘प्रेयर’ एवढा एक शब्द सांगा, तो योग्य दार दाखवतो. मात्र प्रार्थनेच्या दाराने आत गेलात तर प्रार्थनाच करा. तिथून फोटो काढत हिंडणाऱ्यांमुळेच ही दारं हळूहळू कडक होत चालली आहेत.

लंडनमध्ये एक घोटाळा नेहमी होतो. वेस्टमिन्स्टर अॅबी अँग्लिकन आहे आणि तिथे पर्यटकांना चांगलंच महाग तिकीट आहे. कॅथलिक चर्च म्हणजे वेस्टमिन्स्टर कॅथीड्रल, व्हिक्टोरिया स्टेशनजवळची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची विटांची इमारत. प्रवेश मोफत. डब्लिनचं सेंट पॅट्रिक्सही कॅथलिक नाही आणि तिथेही तिकीट आहे. न्यूयॉर्कचं फिफ्थ अव्हेन्यूवरचं सेंट पॅट्रिक्स मात्र कॅथलिक आणि मोफत. नाव एकच असलं तरी चर्च एकच नसतं, हे टॅक्सीत बसण्याआधी तपासा.

माझा सल्ला विचाराल तर मोठ्या नावाच्या मागे लागूच नका. हॉटेलपासून चालत जाता येईल असं एखादं पॅरिश चर्च शोधा. मेणबत्ती बहुधा स्वस्तात मिळते, मागे कुणी सेल्फी काढत नसतं आणि हवा तेवढा वेळ बसता येतं. फक्त वेळ सांभाळा. इटली आणि स्पेनमधली लहान चर्चेस दुपारी बारा-साडेबारापासून चारेकपर्यंत बंद असतात. रविवारी सकाळी मिस्सा चालू असताना हिंडू देत नाहीत. सकाळी नऊ ते अकरा किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या. उन्हाळ्यात ओढणी किंवा शाल पिशवीत ठेवली की दाराबाहेर वीस युरोचा स्कार्फ घ्यावा लागत नाही.

स्टँडपाशी सगळं डोळ्यांसमोर असतं. खाली किंवा बाजूला नव्या मेणबत्त्यांचा खोका, त्यावर आकाराप्रमाणे रक्कम लिहिलेली, शेजारी चिरेची लोखंडी पेटी. आधी पेटीत नाणं टाका, मग मेणबत्ती उचला, शेजारच्या जळत्या ज्योतीवर पेटवा आणि रिकाम्या खाचेत नाहीतर वाळूत रोवा. दुसऱ्याची मेणबत्ती विझवून जागा करू नका. काडेपेटी नेऊ नका. लागत नाही, आणि भारतातल्या विमानतळावर ती तपासणीतच काढून घेतात. छोट्या वाटीतली मेणबत्ती काही तास जळते. काचेच्या भांड्यातली नोव्हेनाची मेणबत्ती नऊ दिवस चालेल अशी केलेली असते. मोठ्या तीर्थस्थळी तिला १० युरोच्या आसपास मोजावे लागतात. इटली-स्पेनमध्ये पुष्कळ ठिकाणी खरी ज्योत नसतेच: नाणं टाकलं की एक छोटा विजेचा दिवा ठरावीक वेळ लागतो. खरी ज्योतच हवी असेल, तर नाणं टाकण्याआधी बघा. ही पेटी सुटे परत देत नाही.

म्हणून सुटे जवळ ठेवा, पन्नास सेंट, १ आणि २ युरोची नाणी. एका मेणबत्तीसाठी रस्त्यावरच्या एटीएमला हात लावू नका: मशीनवाल्याचं शुल्क, तुमच्या बँकेचं शुल्क, दोन्ही बसतात. कॉफी घ्या, नोट मोडा. मोठ्या चर्चमध्ये कार्ड टेकवायची यंत्रं आली आहेत. भारतीय कार्डावर परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार निघण्याआधी बँकेच्या अॅपमधून चालू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर ते बंदच असतात. यंत्रावर ५, १०, २० अशा ठरलेल्या रकमा दिसतात. बोट लावण्याआधी आकडा वाचा. ‘रुपयांत भरायचे का?’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि युरो निवडा. रुपयांतला दर नेहमी महाग पडतो. बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी तसाही लागतोच.

दाराबाहेर सावध राहा. पॅरिसच्या साक्रे करच्या पायऱ्यांवर तुमच्या मनगटाला दोरा बांधून पैसे मागणारे उभे असतात. सेव्हिल आणि ग्रानादाच्या कॅथीड्रलबाहेर रोझमेरीची डहाळी हातात कोंबून पैसे मागणाऱ्या बायका असतात. दोन्ही ठिकाणी हात खिशात, नजर समोर. मूठ एकदा उघडलीत की सुटका नाही.

फ्रान्समधल्या लुर्द आणि पोर्तुगालमधल्या फातिमा या तीर्थस्थळांना जाणार असाल तर हिशेब थोडा वेगळा. दोन्हीकडे प्रवेश मोफत. लुर्दला मेणबत्त्या लावायची जागा आता तिथल्या पवित्र गुंफेच्या समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर आहे. माणसाच्या उंचीच्या मेणबत्त्याही मिळतात, त्यांची किंमतही त्याच मापाची. गर्दीच्या दिवसांत मोठी मेणबत्ती ठेवून निघावं लागतं आणि तिथले सेवक ती क्रमाने पेटवतात. तुमच्या डोळ्यांदेखत पेटायला हवी असेल तर लहानच घ्या. फातिमाला लावायच्या जागी इतका ताप असतो की लांबूनच मेणबत्ती ठेवावी लागते. मुलांना पुढे करू नका. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मिळतात तसे मेणाचे हातपायही तिथे मिळतात.

मेणबत्तीऐवजी मृतात्म्यासाठी मिस्सा अर्पण करायची असेल तर सॅक्रिस्टी (वेदीलगतची पाद्र्यांची खोली) किंवा पॅरिश ऑफिस गाठा. फ्रान्समध्ये सुचवलेली रक्कम २० युरोच्या आसपास, इटलीत बहुधा १०. ही फी नाही, अर्पण आहे. गरिबाकडून अर्पण मिळालं नाही तरी त्याच्यासाठी मिस्सा करावी, असं चर्चचा कायदाच पाद्र्यांना आवर्जून सांगतो. नाव रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्या आणि तारीख विचारून घ्या. प्रसिद्ध चर्चमध्ये ती महिन्यांनी लांब असू शकते. मिस्सा तुमच्या एकट्याच्या नावाने आहे की अनेक नावं एकत्र, हेही विचारा. तुम्हाला न सांगता नावं एकत्र करता येत नाहीत. मिस्साला थांबलात आणि कॅथलिक नसाल, तर कम्युनियनच्या रांगेत ऑस्ती (पवित्र भाकर) घेऊ नका. जागेवर बसून राहिलं तरी कुणाला खटकत नाही.

प्रवास नोव्हेंबरच्या सुरुवातीला येत असेल तर १ आणि २ तारखेचा विचार वेगळा करा. वसईत जशा २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, तशी पोलंडमध्ये १ तारखेपासूनच कबरस्तानं उजळतात. त्या दिवशी सुट्टी, दुकानं बंद, कबरस्तानाच्या आसपासचे रस्ते वाहनांना अडवलेले. काचेचे झाकणवाले दिवे दोन दिवस आधी सुपरमार्केटमधून घ्या, फाटकाबाहेर तेच महाग पडतात. तुमच्या माणसाची कबर तिथे नसली तरी अडत नाही: ज्यांच्या कबरी दूर आहेत त्यांच्यासाठी लोक कबरस्तानातल्या मुख्य क्रुसापाशी दिवे ठेवतात. तिथे तुम्हीही ठेवा. लायटर मात्र आधीच घेऊन ठेवा आणि परतीच्या विमानापूर्वी तिथेच कुणाला देऊन टाका.