तेजोमेघाचा रंग बघायचा असेल तर

बाळा, मोठी दुर्बीण घेतलीस, छान केलंस. आता मृगातल्या तेजोमेघात रंग शोधशील. फोटोतला गुलाबी तिथे मिळायचा नाही, हे आधीच मनाशी धर. तो हायड्रोजनचा तांबडा, ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा. मंद उजेडात आपला डोळा त्याला जवळजवळ आंधळाच असतो. दिसेल तो हिरवट, ५०१ नॅनोमीटरच्या आसपासचा. वर्णपटातली ही हिरवी रेषा विल्यम हगिन्स यांना १८६४ मध्ये सापडली आणि ती प्राणवायूची आहे, हे कळायला १९२७ साल उजाडलं. मधल्या काळात पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी नायगमवाला दुर्बिणीतून मृगाच्या तेजोमेघाची हीच रेषा तपासत होते. त्यांचं टिपण १८९१ मध्ये छापून आलं. तू बघणार आहेस तो हिरवा घाटापलीकडे तेव्हाच अभ्यासला गेलाय, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता डोळ्याचं ऐक, कारण सगळं तिथेच आहे. अंधुक आकार दंडपेशी बघतात, त्यांना रंग कळत नाही. रंग कळतो शंकुपेशींना आणि त्यांना उजेड भरपूर लागतो. म्हणून अंधुक दीर्घिका बघताना आपण अर्धा तास अंधारात बसतो, तिरक्या नजरेने बघतो. रंगासाठी नेमकं उलट कर. गेल्या गेल्या, डोळे पुरते अंधाराला सरावण्याआधीच, तेजोमेघाच्या गाभ्यातल्या चार ताऱ्यांकडे थेट रोखून बघ. आकाराचं नंतर बघता येतं.

मोठ्या आरशाने तेजोमेघ जास्त उजळ होतो, असं पुष्कळांना वाटतं. पण पसरट वस्तूचा उजळपणा कुठलीच दुर्बीण वाढवत नाही. मोठा आरसा तेवढ्याच उजळपणाचं मोठं चित्र देतो आणि मोठ्या चित्रात रंग ओळखू येतो. शक्ती मात्र बेताने लाव. ४०० मिलिमीटरच्या आरशाला ८० पट लावलीस तर डोळ्यात शिरणारी प्रकाशाची शलाका ५ मिलिमीटरची होते, ती चांगली. तरुण बाहुली ७ पर्यंत उघडते, म्हाताऱ्याची बरीच कमी, म्हणून माझ्यासाठी नेत्रिका बदल. देवयानीतला एनजीसी ७६६२ किंवा मिथुनेतला २३९२ या तेजोमेघांची गोष्ट वेगळी. ते चिमुकले पण तेजस्वी, दीड-दोनशे पट सहज सोसतात आणि निळसर-हिरवे दिसतात. त्या हिरव्या रेषेपुरताच उजेड सोडणारा ऑक्सिजनचा, म्हणजे प्राणवायूचा, फिल्टर तेव्हा काढून ठेव; त्यातून सगळंच हिरवं दिसतं, तो रंग खरा मानू नये.

जागा कातळाच्या सड्यावरची धर. चिपळुणात वाशिष्ठी नदीकाठी पहाटेकडे धुकं चढतं आणि दवाने नेत्रिका भिजते. लोट्याच्या कारखान्यांच्या आणि हायवेच्या दिव्यांकडे पाठ करता येईल असा सडा बघ. दुर्बीण सूर्यास्तालाच बाहेर काढ, आरसा गार झाला की चित्र स्थिरावतं. फाल्गुनानंतर वणवे आणि भाजावळीचा धूर आभाळ मळवतो, तेव्हा काम पौष-माघातच उरक. पावसाळ्यात आरसा आणि नेत्रिका सिलिका जेलसकट घट्ट डब्यात ठेव. कोकणातली बुरशी काचेला सोडत नाही.

कुणाला दाखवताना रंगाचं नाव आधी सांगू नकोस. ज्याने त्याने बघून कागदावर लिहावं, मग ताडावं. सांगितलेला रंग डोळ्याला दिसायला लागतो, हे मी फार वेळा पाहिलंय. मोतीबिंदू धरलेल्या डोळ्याला निळं फिकं दिसतं, म्हणून निळ्याबद्दल लहान मुलांच्या डोळ्यांवर माझा जास्त भरवसा आहे.

चिपळुणातून मृगाचा तेजोमेघ ६७ अंशांपर्यंत चढतो, लंडनमधून जेमतेम ३३. एवढं आभाळ आपल्याला आयतं मिळालंय. तेव्हा पौष अमावास्येला रात्री दहाच्या सुमारास दुर्बीण लावून ठेव आणि पहिली नजर वाडीतल्या पोरांना टाकू दे.