दापोलीची मिशन शाळा आणि एक व्हरांडा

मंडळाच्या अभ्यासबैठकीत ‘किनाऱ्याजवळच्या गावातली माध्यमिक शाळा’ हा विषय माझ्या वाट्याला आला, तेव्हा सगळे हसले. जोयड्याच्या जंगलातल्या मुलीला समुद्र दिला! मला वाटलं होतं कारवारचं काहीतरी घ्यावं. पण शेवटी मी उत्तरेकडे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीला गेले. (पुस्तकांतून हो. प्रत्यक्ष जायचं अजून राहिलंय.) दापोलीच का, तर आपलं कॉलेज मिशनने चालवलेलं आणि दापोलीचं जुनं हायस्कूलही मिशनचंच. शिवाय त्या शाळेत शिकलेल्या एकाला आपण सगळे नावाने नाही, ‘श्याम’ म्हणून ओळखतो.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. आपला उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि पुढे १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे मधली नव्वदेक वर्षं कारवार आणि दापोली एकाच इलाख्यात होती. मॅट्रिकची परीक्षा दोन्हीकडे मुंबई विद्यापीठाचीच. हायस्कूल म्हणजे मॅट्रिकचं दार, आणि मॅट्रिक म्हणजे कचेरीतली नोकरी, वकिली, मास्तरकी यांचं दार. त्यामुळे हायस्कूल आपल्या गावात आहे की दहा कोसांवर, यावर घराण्यांचं नशीब ठरायचं.

दापोलीला ‘कॅम्प दापोली’ म्हणायचे, कारण इंग्रजांची लष्करी छावणी तिथे होती. हर्णै बंदर जवळ, हवा थंड. छावणी उठली, पण निवृत्त शिपायांची वस्ती राहिली. या गावात एसपीजी, म्हणजे ‘सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल’ या इंग्लंडमधल्या संस्थेने मिशनचं काम सुरू केलं आणि इंग्रजी शाळा चालवली. तिथले मिशनरी आल्फ्रेड गॅडनी यांचं नाव शाळेला आहे. आज ती ए. जी. हायस्कूल म्हणून दापोली एज्युकेशन सोसायटी चालवते.

गावाजवळ अशी शाळा नसली की काय व्हायचं, ते धोंडो केशव कर्व्यांच्या आत्मचरित्रात सापडतं. कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. सतरा वर्षांचे असताना परीक्षा द्यायला ते मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले, घाट चढून, भर पावसात. तिथे पोचल्यावर परीक्षकांना ते सतराचे वाटलेच नाहीत. अंगाने लहानखुरे होते ना! परीक्षेला न बसताच परत आले. हा प्रसंग मी दोनदा वाचला. माझ्या वाडीतून सातवीनंतर हायस्कूलला जायचं तर पावसाळ्यात ओढा आडवा येतो, आणि नववीत एकदा मीही अर्ध्या वाटेवरून परतले होते. साताऱ्याच्या पायपिटीपुढे ते काहीच नाही, पण परतीची वाट कशी वाटते ते कळतं.

कर्व्यांनंतर वीसेक वर्षांनी पांडुरंग वामन काणे मॅट्रिक झाले, १८९७ मध्ये, दापोलीच्या मिशन शाळेतून. त्यांना घाट चढावा लागला नाही. वडील दापोलीतच वकिली करत होते, घर आणि शाळा एकाच गावात. पुढे ते विल्सन कॉलेजात गेले, म्हणजे पुन्हा मिशनचंच कॉलेज. धर्मशास्त्राचा इतिहास इंग्रजीत पाच खंडांत लिहिणारा हा माणूस. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. त्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं. हिंदू धर्मशास्त्राचा एवढा मोठा अभ्यासक ख्रिस्ती शाळा-कॉलेजात घडला, हे सांगितल्यावर बैठकीत दोघातिघांनी भुवया उंचावल्या. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. इंग्रजी आणि मॅट्रिकसाठी लोक मुलांना मिशनमध्ये घालत, धर्म घरी सांभाळत.

साने गुरुजींची वाट वेगळी. ते पालगडचे. दापोलीला शिकायला आले ते घर सोडून. सुट्टीला घरी जायचं तर चालत. पुढे घरच्या गरिबीमुळे दापोलीही सुटली. औंध संस्थानात गेले, तिथून पुण्याला, आणि १९१८ मध्ये मॅट्रिक झाले. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिताना हे सगळं त्यांनी आठवलं. आपण ते पुस्तक आईसाठी वाचतो. एकदा शाळेसाठी वाचा. फी, कपडे, जेवण, निरोप, वाट, यांचा केवढा हिशेब त्यात आहे!

इथवरच लिहिलं असतं तर निबंध गोड झाला असता. पण दापोलीचीच आणखी एक शाळा आहे, नगरपालिकेची. छावणीतून निवृत्त झालेल्यांमध्ये महार पेन्शनर बरेच होते. गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून १८८६ मध्ये निवृत्त होऊन इथे राहिले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ हे पुस्तक काढलं. लष्करात शिकलेल्या या लोकांना मुलांच्या शिक्षणाची किंमत माहीत होती. १८९० च्या दशकात त्यांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावं म्हणून अर्ज केले. वाद झाला तो प्रवेशाचा आणि बसण्याच्या जागेचा. मुलांच्या वाट्याला व्हरांडा. शिकवणं ऐकू येईल तेवढं ऐकायचं.

कायदा नव्हता असं नाही. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. ते प्रकरण थेट कंपनी सरकारपर्यंत गेलं आणि सरकारी शाळा सर्वांना खुल्या आहेत असं ठरलं. धारवाड म्हणजे आपलं विद्यापीठ जिथे आहे ते धारवाड! नियम झाला, आणि तरी चाळीस वर्षांनी दापोलीत मुलं बाहेर.

सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर याच दापोलीत कुटुंब घेऊन आले होते. भीमराव तेव्हा लहान. कुटुंब पुढे साताऱ्याला गेलं आणि तिथल्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला इंग्रजी पहिलीत त्यांचं नाव दाखल झालं. मॅट्रिक झाले ते मुंबईत, १९०७ मध्ये. काण्यांनी धर्मशास्त्राच्या दुसऱ्या खंडात अस्पृश्यतेवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं देऊळ सर्वांना उघडावं म्हणून उपोषण केलं. दापोलीने या दोघांना काय दाखवलं असेल, याचा मी तर्क करणार नाही. पण काणे मिशन शाळेत जात होते त्याच वर्षांत, त्याच गावात, तो व्हरांडा होता.

शाळेचा इतिहास म्हटलं की आपण गाजलेल्या विद्यार्थ्यांची यादी काढतो. मीही तशीच सुरुवात केली होती, वही पाहा हवं तर. आता मला शाळेचं जनरल रजिस्टर बघायचंय. नाव, जात, गाव, दाखल तारीख, आणि शेवटचा रकाना, शाळा सोडल्याचं कारण. सुपा गाव धरणाखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, तेव्हा किती मुलांच्या नावापुढे त्या रकान्यात काय लिहिलं गेलं असेल? पुढच्या बैठकीआधी मी माझ्या जुन्या शाळेत परवानगीचा अर्ज देणार आहे. तुमच्यापैकी कुणी कुणबी, गवळी, सिद्दी वाड्यांकडच्या शाळांत जाणार असाल तर सांगा, तक्ता एकच करू.