रुमाल टाकून धरलेली जागा

तर्री पोहे आणि कट चहाच्या गावात कॉफी पिणारा माणूस कायम अल्पसंख्याक असतो. नागपुरात कुणाकडे गेलं की ‘चहा टाकू का?’ असं विचारत नाहीत. पातेलं आधीच गॅसवर चढलेलं असतं. कॉफी मागितली तर घरची बाई फडताळात मागे गेलेली बाटली शोधते, आणि तिच्या तळाशी दगड झालेली पूड चमच्याच्या दांड्याने खरवडते. अशी खरवडलेली कॉफीही मी आनंदाने प्यायले आहे. अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी तेलुगू कुटुंब होतं. तिथल्या अम्मांनी ही सवय लावली, आणि पुढे वर्तमानपत्राच्या रात्रपाळीने ती पक्की केली. नोकरी संपली तरी कॉफी सुटलेली नाही, आणि सोडायचा विचारही नाही. मात्र तिच्यासोबत राहताना जे कळत गेलं, ते इथे मांडते.

१. पहिल्या कॉफीने येते ती तरतरी नव्हे, पूर्वस्थिती

सकाळी फिल्टरमधला घट्ट काढा, वर तापलेलं दूध, दोन घोट, आणि जग पुन्हा बरं वाटायला लागतं. मग आपण म्हणतो, कॉफीत काय ताकद आहे! ताकद आहेच, पण हिशेब जरा वेगळा आहे. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागी बसलं की सुस्ती येते, झोप येते. कॅफीनची ठेवण त्याच्यासारखीच असल्याने ते त्या जागा आधी अडवतं. वर्ध्याच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसंच. रुमाल काही प्रवास करत नाही, पण दुसऱ्याला बसू देत नाही. त्यामुळे थकवा जात नाही, नुसता उभा राहतो.

आता गंमत पुढे आहे. रोज रुमाल पडायला लागले की शरीर गाडीतल्या सीटच वाढवतं. मग एखाद्या सकाळी रुमाल पडला नाही, की त्या वाढीव जागांवरही अ‍ॅडेनोसिन बसतं, आणि कॉफी कधीच न पिणाऱ्या माणसापेक्षा आपण जास्त मरगळलेले असतो. म्हणजे पहिल्या कपाने आपण फक्त त्या माणसाच्या बरोबरीला येतो. हे समजल्यावर माझी कॉफी कमी झाली नाही, पण ‘कॉफीशिवाय मला सुचत नाही’ अशी फुशारकी मारणं थांबलं.

२. उपासाचं डोकं बऱ्याचदा उपासाचं नसतंच

हरतालिकेला आमच्या घरातल्या बायका दुपारी चारच्या सुमारास डोक्याला ओढणी घट्ट बांधून आडव्या व्हायच्या. पित्त वाढलं, पोट रिकामं आहे, ऊन लागलं, अशी कारणं निघायची. चहा-कॉफीकडे कुणाचं बोट जायचं नाही, कारण ती तर त्या दिवशी घेतलेलीच नसायची! आणि खरं कारण बऱ्याचदा तेच असायचं. कॅफीन तुटल्यावर साधारण १२ ते २४ तासांत डोकं चढायला लागतं, पहिल्या-दुसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो, आणि तो दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत चालू शकतो. सोबत चिडचिड, जांभया, कामात लक्ष न लागणं, कधी मळमळ. मोमिनपुऱ्यातल्या माझ्या मैत्रिणीकडे रमजानच्या पहिल्या एक-दोन रोज्यांना हेच चालतं. ज्यूंच्या योम किप्पूरच्या उपासात होणाऱ्या डोकेदुखीवरही डॉक्टरांनी संशोधन केलं आहे.

संध्याकाळी कुणीतरी सॅरिडॉन आणून द्यायचं, आणि पाऊण तासात डोकं उतरायचं. गोळीचं नाव व्हायचं. त्या गोळीत वेदनाशामकांबरोबर ५० मिलिग्रॅम कॅफीनही असतं, म्हणजे निर्जळी उपासात अर्धा कप कॉफी गोळीच्या रूपाने पोटात जायची. देवाला चालत असावं. पण अशा गोळ्या आठवड्यातून बऱ्याचदा लागत असतील, तर त्यांचीच डोकेदुखी मागे लागते. तेव्हा डॉक्टरकडेच जावं.

अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत कॅफीन तुटल्याने होणारा त्रास हा रीतसर आजार म्हणून नोंदलेला आहे. कॅफीनच्या व्यसनाला मात्र त्यांनी अजून आजाराचा दर्जा दिलेला नाही, पुढच्या अभ्यासासाठी बाजूला ठेवलंय. मला ही विभागणी पटते. माझं कॉफीवाचून अडतं, पण कॉफीपायी कुणाचा संसार मोडल्याचं ऐकलेलं नाही.

३. कप मोजू नयेत

‘दिवसाला किती कप?’ हा प्रश्न फसवा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या हिशेबाने १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असतं, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, आणि चहात ३० ते ६५. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. युरोपची अन्नसुरक्षा संस्था निरोगी प्रौढांना ४०० पर्यंत मुभा देते, पण गरोदर बाईला २०० च्या वर जाऊ नका म्हणते. आता १५० मिलिलिटर म्हणजे अम्मांच्या घरचा स्टीलचा टंबलर. मुलांच्या कॅफेतल्या मगमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त मावतं, तरी घरी येऊन ती सांगतात, ‘एकच घेतली.’

उलट, लग्नातल्या कॉफीला मी धरतच नाही. स्वागत समारंभात कोपऱ्यात ते मशीन फुसफुसत असतं, पोरगा कपात इन्स्टंट पूड आणि साखर टाकतो, वाफेच्या नळीने दुधाचा फेस काढतो, वर कोकोची चिमूट. त्याला एस्प्रेसो म्हणायची आपल्याकडे रीत आहे. इटलीचा माणूस ते बघून काय म्हणेल ते म्हणो, थंडीतल्या लॉनवर ती छान लागते आणि त्यात कॅफीन नावापुरतंच असतं.

४. कमी करायचंच असेल तर चिकोरीला हाताशी धरावं

एकदम सोडणारे शूर असतात, आणि त्यांच्या घरचे त्याहून शूर. त्यापेक्षा हळूहळू उतरावं हे बरं. माझी युक्ती सीताबर्डीवरच्या पूड दळून देणाऱ्या दुकानात सापडली. तिथला माणूस वजन करायच्या आधी विचारतो, ‘चिकोरी किती टाकू?’ चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. रंग दाट, चव कडवट-गोड, आणि कॅफीन अजिबात नाही. मी ८०-२० वरून ७०-३० वर आले, काही आठवड्यांनी ६०-४० वर. कप तेवढाच, वेळ तीच, वास जवळपास तोच, आणि डोकं एकदाही चढलं नाही. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. यजमान तर म्हणाले की हल्ली कॉफी जास्त कडक होतेय.

कायद्याने कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ते बारीक अक्षरांत असतं, पण असतं. दुकानात चष्मा काढून वाचावं. ‘कडक’ म्हणून आपण जे पाकीट कौतुकाने आणतो, त्यात निम्म्याच्या आसपास मूळ निघू शकतं.

५. झोपेचं गणित संध्याकाळी सुरू होत नाही

डेस्कवर असताना शहर आवृत्तीचं पहिलं पान सुटेपर्यंत कॉफी चालू असायची. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की विचारूच नका. मुंबईची मंडळी, रात्री उशिरापर्यंत चाललेलं सभागृह, शेवटच्या क्षणी आलेली बातमी, आणि खालच्या टपरीवाल्याची हाक, ‘मॅडम, आखरीची कॉफी धाडू का? मंग दूध संपून राह्यलं!’ दूध संपायच्या धाकाने प्यायलेल्या कॉफीला चव वेगळीच असते.

पण शरीर तिचा हिशेब संथपणे करतं. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. दुपारी चारला १०० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री नऊला ५० शिल्लक, पहाटे दोनला २५. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत हा वेग आणखी मंदावतो. सिगारेट ओढणाऱ्यांत वाढतो. त्यामुळे सिगारेट सोडलेल्या माणसाला नेहमीचीच कॉफी अचानक अंगावर येते. ‘मी रात्री दहाला कॉफी पिऊन घोरतो’ म्हणणारे आमच्याकडेही होते. घोरत असतीलही. पण २०१३ मध्ये डेट्रॉइटला झालेल्या एका प्रयोगात झोपायच्या तब्बल सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी लोकांची झोप तासाभराहून अधिक घटली. मग सकाळी जास्त कॉफी लागते, आणि चक्र फिरत राहतं.

आता माझी शेवटची कॉफी दुपारी दोनच्या आत होते. कपांच्या संख्येपेक्षा ह्या एका नियमाने मला जास्त दिलं.

६. थायरॉइडची गोळी आणि कॉफी एकत्र नको

सकाळची गोळी कॉफीच्या घोटाबरोबर घेणाऱ्या कितीतरी बायका माझ्या ओळखीत आहेत. कॉफीने ती गोळी अंगात नीट शोषली जात नाही. साध्या पाण्याने घ्यावी, आणि निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, कॉफीला थांबवावं. जेवणालगतची कॉफी अन्नातलं लोह शोषू देत नाही, म्हणून पोषण संस्था जेवणाआधी आणि नंतर तासाभराचं अंतर ठेवायला सांगते. रक्त कमी असलेल्यांनी हे गंभीरपणे घ्यावं.

७. तलफ अर्धी कॅफीनची, अर्धी माणसांची

नागपुरातल्या सदर भागातलं इंडियन कॉफी हाऊस हे याचं उत्तम उदाहरण. या कॉफी हाऊसांची सुरुवात १९३६ ला मुंबईत चर्चगेटला झाली. कॉफी खपवायची हा सरळ हेतू होता. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डाने ती बंद करायला घेतली, कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना संघटित करून सहकारी संस्था काढायला लावल्या. पहिली १९५७ मध्ये बंगळूरला निघाली, आणि १९५८ संपेपर्यंत नागपूरचीही उभी राहिली होती. १९५६ ला नागपूरची राजधानी गेली आणि पुढच्या दोन वर्षांत कामगारांचं कॉफी हाऊस आलं. या देवाणघेवाणीत आमचा फार तोटा झाला असं मला वाटत नाही. (विदर्भवाद्यांनी रागावू नये.)

तिथे पंख्यासारखा तुरा असलेली पगडी घातलेला वाढपी कप ठेवून जातो आणि नंतर उठवायची घाई करत नाही. कॉफी बरी असते, थोर नसते. पण बाहेर पडताना जी हुशारी वाटते ती सगळी कपातली नसते, समोर बसलेल्या माणसाचीही असते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी भरपूर कॉफी पिणाऱ्यांची कॉफी चोवीस तास तोडली आणि मग काहींना कॅफीन काढून टाकलेली कॉफी दिली, ‘यात कॅफीन नाही’ असं आधी सांगून. तरीही त्यांचा त्रास काही काळ कमी झाला. वास, वाफ, कपाची ऊब यांनाच शरीर ओळखतं.

म्हणून दुपारी दोननंतर कुणी भेटायला आलं तर मी जायफळ घालून दूध करते, आणि ते टंबलर-डबऱ्यातच देते. पहिल्यांदा सगळे नाक मुरडतात.

८. मे महिन्यात

पारा पंचेचाळिशीला टेकलेला, कूलरमध्ये पाणी भरून कंबर गेलेली, आणि अशात गरम कॉफी? हो. रोज पिणाऱ्याच्या अंगातलं पाणी कॉफीने आटत नाही, असं आता तपासून सांगितलं जातं. पण ती पन्ह्याची जागा घेणार नाही. दोन्ही प्यावं.

९. ऑपरेशनच्या आधी कॉफीचं सांगावं

दवाखान्यात विचारतात, दारू? तंबाखू? आपण अभिमानाने ‘काही नाही’ म्हणतो, आणि कॉफीचं सांगायचं राहून जातं. माझ्या वहिनींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आदल्या रात्रीपासून उपाशी, दुपारी शुद्धीवर आल्या तेव्हा पोटापेक्षा डोकंच जास्त ठणकत होतं. भुलीचा परिणाम असेल, असं आम्ही सगळे म्हणालो. भूलतज्ज्ञ तरुण मुलगी होती. तिने नाडी पाहत सहज विचारलं, ‘काकू, घरी चहा-कॉफी किती होते?’ वहिनींनी आकडा सांगितला. ती हसली. ऑपरेशननंतरच्या डोकेदुखीचा कॅफीन तुटण्याशी संबंध असतो, हे तिच्या अभ्यासात होतं. ठरलेलं ऑपरेशन असेल तर आठवडा-दोन आठवडे आधीपासून कॉफी उतरवत न्यावी, असं ती म्हणाली. काही ठिकाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत बिनदुधाची कोरी कॉफी चालते, पण ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरने ठरवायचं.

संध्याकाळी पातळ पदार्थांची परवानगी मिळाली, तसं दादा थर्मास घेऊन आला. दोन चमचे पोटात गेल्यावर वहिनी नर्सला म्हणाल्या, ‘हे कालच इचारलं असतं तं माहं डोकं कायले एवढं दुखलं असतं बाई?’