त्वक् (दालचिनी) : लागवड, काढणी व औषधनिर्मितीसाठी निवड

त्रिजात व चतुर्जात या दोन्ही गणांत अंतर्भूत असलेले त्वक् हे वैद्यांच्या नित्य वापरातील द्रव्य होय. सितोपलादि चूर्णात ते सोळा भाग साखरेस एक भाग एवढेच पडते; तथापि त्याच्या शुद्धतेविषयी उपेक्षा करून चालणार नाही. बाजारात ‘दालचिनी’ म्हणून मिळणारी साल पुष्कळदा चीन, व्हिएतनाम वा इंडोनेशियातून आलेली तज असते. या दोन्ही वनस्पती एकाच कुळातील असल्या तरी द्रव्ये भिन्न आहेत.

ग्राह्य द्रव्य कोणते?

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने सिनॅमोमम झायलॅनिकम ही वनस्पती ग्राह्य मानली आहे. झाड छाटल्यानंतर फुटलेल्या धुमाऱ्यांची, बाह्य आवरण काढून वाळवलेली आतील साल म्हणजे त्वक्, अशी त्याची व्याख्या आहे. म्हणजेच औषधाचे लक्षण सांगतानाच लागवडीची पद्धतही सांगितली आहे. भावप्रकाशातील ‘तनुत्वक्’ हा पर्यायही पातळ सालीचाच निर्देश करतो.

लागवड व काढणी

सोलापूर जिल्ह्यात हे पीक व्यापारी तत्त्वावर घेता येईल काय, असा प्रश्न औषधनिर्मात्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. येथील वार्षिक पर्जन्यमान साधारण ५५० मि.मी. असून उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपलीकडे जाते. या झाडास मात्र दमट हवा, २००० मि.मी.च्या आसपास पाऊस आणि पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन मानवते. ठिबक सिंचनाने पाण्याची उणीव भरून निघेल. हवेतील आर्द्रता मिळणार नाही, आणि चुनखडीयुक्त भारी काळी जमीनही बदलणार नाही. म्हणून आपल्याकडे अभ्यासापुरती दोन-चार झाडे लावावीत. व्यापारी लागवडीचे खरे क्षेत्र कोकण हेच होय.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही जात विकसित केली आहे. नारळाच्या बागेत जायफळ, काळी मिरी यांच्या जोडीने दालचिनी घेण्याची ‘लाखी बाग’ ही पद्धतही तेथे रुजली आहे.

बी पक्व होताच पेरावे लागते, कारण त्याची उगवणशक्ती लवकर नष्ट होते. जातीची शुद्धता राखावयाची असल्यास कलमे घ्यावीत. रोपे पावसाळ्याच्या प्रारंभी लावतात. दोन वर्षांनी खोड जमिनीलगत छाटून बुंध्यास मातीची भर देतात, म्हणजे अनेक सरळ धुमारे फुटतात. ते दीड ते दोन सें.मी. जाडीचे झाले व साल सहज सुटू लागली की काढणी करावी. बाह्य साल खरवडून, पितळी दांड्याने घासून, वक्र सुरीने आतील साल सोलतात. तिच्या गुंडाळ्या प्रथम सावलीत व नंतर सौम्य उन्हात वाळवतात. जून खोडाची जाड साल या व्याख्येत बसत नाही.

परीक्षा

खरी साल कागदासारखी पातळ, अनेक पदरी, ठिसूळ, फिकट तपकिरी व मधुर सुगंधी असते. तज जाड, एकपदरी, कठीण व तीक्ष्ण असते. चूर्णात हा भेद दिसत नाही. म्हणून त्वक् चूर्णरूपात विकत घेऊ नये.

चिकित्सकांसाठी

तजेत कूमारिन हा घटक सरासरी दर किलोस सुमारे ३००० मिलिग्रॅम आढळतो. खऱ्या दालचिनीत तो अत्यल्प असतो. युरोपीय तज्ज्ञांनी २००४ मध्ये त्याची सह्य दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनास ०.१ मिलिग्रॅम ठरविली. ६० किलो वजनाच्या रुग्णास ही मर्यादा ६ मिलिग्रॅम येते, आणि ३ ग्रॅम तजेतून सुमारे ९ मिलिग्रॅम कूमारिन पोटात जाते. अल्पकाळाच्या सेवनाने भिण्याचे कारण नाही. परंतु मधुमेहाचे अनेक रुग्ण ऐकीव माहितीवर महिनोन् महिने दालचिनी घेतात. त्यांपैकी ज्यांना यकृद्विकार आहे, वा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू आहेत, त्यांना ‘कोणती दालचिनी?’ हे वैद्याने अवश्य विचारावे.

खरेदीविषयी सूचना

लहान औषधनिर्मात्यांनी एकत्र येऊन कोकणातील बागायतदारांकडून वर्षाची गरज अगोदर नोंदवावी. जात, काढणीचा हंगाम व सालीची जाडी लेखी ठरवून घ्यावी. मालाची शास्त्रीय तपासणी करून नमुना जपून ठेवावा. तजेपेक्षा भाव अधिक पडेल. पण सितोपलादीसारख्या योगात त्वकाचा भागच अल्प असल्याने एकूण खर्चात त्याने फारशी भर पडत नाही. बागायतदारासही पातळ साल काढण्याच्या श्रमाचे मोल देणारा ग्राहक मिळेल.