अ‍ॅझाच्या सात सुया आणि घरचा हिशेब

एएमएल हा झपाट्यानं वाढणारा रक्ताचा कर्करोग. वयस्कर रुग्णाला जोरकस केमो झेपणार नसेल, तर डॉक्टर बहुधा अ‍ॅझासिटिडिन सुचवतात. या रोगात पेशींना आवर घालणारी काही जनुकं शाबूत असूनही मिथाइलचं कुलूप लागून बंद पडतात. हे औषध ते कुलूप काढू पाहतं, पण सावकाश. एकट्या अ‍ॅझाचा गुण कळायला चार ते सहा सायकली, म्हणजे उपचाराच्या फेऱ्या, लागू शकतात. म्हणून पैशांची जुळणीही तेवढ्यांची करा. पहिलीतच शेत गहाण टाकून बसलात, तर तिसरीला काय?

बोन मॅरो, फ्लो सायटोमेट्री, कॅरिओटाइप या तपासण्या टाळू नका. जनुकांच्या एनजीएस पॅनेलला मात्र खासगीत साधारण १५ ते ३० हजार पडतात. डीएनएमटी३ए, टेट२, आयडीएच या जनुकांतले दोष त्यात दिसतात. पैसे भरण्याआधी विचारा, "या रिपोर्टनं उपचार बदलतील का?" ट्रान्सप्लांटचा विचार असलेल्या तरुण रुग्णात उत्तर बहुतेकदा 'हो' असतं.

खरी मेख व्हायलमध्ये आहे. मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिग्रॅ, सलग सात दिवस, दर २८ दिवसांनी. १.६ चौरस मीटरच्या माणसाला रोज १२० मिग्रॅ लागतं. म्हणजे शंभराच्या दोन व्हायली फुटतात आणि ८० मिग्रॅ वाया जातं. गरज ८४० मिग्रॅची, खरेदी १४ व्हायलींची! त्याच दिवशी दुसरा रुग्ण असेल तर व्हायल वाटून वापरता येईल का, हे डे-केअरला विचारा. उरलेलं औषध घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. छापील किंमत आणि विक्रीचा भाव यांत मोठी तफावत असते. दोन-तीन ठिकाणी भाव काढा, पक्कं बिल घ्या.

मुंबईला टाटा रुग्णालयात निदान झालं तरी सगळ्या सुया तिथंच घ्यायला हव्यात असं नाही, कारण ही सुई त्वचेखाली देता येते. वेळापत्रक लिहून घेऊन ती नांदेड-लातुरात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात घेता येईल का, हे टाटाच्याच डॉक्टरांना विचारा. सात दिवसांचं लॉजभाडं वाचलं, तर तो लहान आकडा नाही. रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला रुग्णाचं पूर्ण भाडं माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचा विहित नमुन्यातला दाखला हवा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण योजना कॅशलेस आहे, खिशातून भरलेले पैसे मागून मिळत नाहीत. रेशन कार्ड, आधार घेऊन आधी आरोग्यमित्राला गाठा आणि आपलं औषध पॅकेजमध्ये बसतं का, हे विचारा. हेल्पलाइन १५५३८८.

पहिल्या एक-दोन सायकलींत रक्तपेशी आणखी खाली जातात. प्लेटलेट देणाऱ्या नातेवाइकांची, मित्रांची यादी रक्तगटासह सुई सुरू होण्याआधीच करून ठेवा.