आधी तिचं तोंड बघ, मग खोगीर

अगं, घोडी घेतलीस हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! लग्नाआधी हदगावच्या शिवारात बिनखोगिराची घोडी पळवणारी पोरगी तू. लेकरं हाताशी आल्यावर पुन्हा रिकिबीत पाय घालावासा वाटला, यात लाजायचं काय? पण घोडी माळेगावच्या यात्रेतली, आधी वरातीत नाचवलेली, आणि लगाम ओढला की मागच्या पायांवर उभी राहते म्हणालीस, म्हणून मोकळेपणानं बोलते. घरचे म्हणतात ती अडेल आहे, चार फटके दिले की सरळ होईल. ते ऐकू नकोस.

नाचाच्या घोड्याला कसं तयार करतात ते आठव. हलगी वाजली की लगाम ताठ धरायचा आणि काठीनं पाय टिपायचे. मग जनावर मान आवळून जागच्या जागी पाय उचलतं. लगाम ओढला की थांबायचं, हे तुझ्या घोडीला कुणी शिकवलंच नसणार. तिच्या लेखी लगाम ताणला की पुढचे पाय वर. तू घाबरून आवळतेस, ती उभी राहते, तू आणखी आवळतेस. ती तुझं ऐकतेच आहे, बाई.

म्हणून आधी तिचं तोंड बघ. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी हिरडी असते, तिच्यावर लगामाची कडी बसते. तिथं व्रण आहेत का, जीभ कापलेली आहे का, ओठांचे कोपरे जाड झालेत का? दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील तर गालाला आतून जखमा होतात. त्या कडा पशुवैद्यकाकडून घासून घे. काटेरी लगाम मिळाला असेल तर फेकून दे. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत, त्यांत असल्या लगामाला बंदी आहे. मग पाठ. आयाळ संपते तिथं, खोगिराच्या जागी, पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर समज, तिथं कधीतरी खोगीर लागून जखम झालेली आहे. कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी दाबत जा. तिनं पाठ खाली घेतली, कान मागं पाडले, तर त्या दिवशी खोगीर टाकायचं नाही.

दुखणं नाही अशी खात्री झाली की जमिनीवरून सुरुवात कर. मोहरकी घाल, लांब दोर लाव आणि गोल फिरव. जुनी माणसं याला काव्यावर धरणं म्हणायची. तू थांबलीस की ती थांबली पाहिजे, दोर न ओढता. ती थांबली की लगेच दोर सैल सोड. तेच तिचं बक्षीस. हलगीचं वेडही असंच काढायचं. कुणाला तरी लांब बांधावर हळू वाजवायला सांग, तेव्हा तिच्या तोंडात हिरवा चारा असू दे. कान फिरवून ऐकते आणि खातच राहते, असं झालं तरच चार पावलं जवळ. खाणं थांबलं की मागं.

आणि खुराक! यात्रेत टंच दिसावीत म्हणून घोड्यांना हरभरा भरपूर चारतात. काम नसताना तो खुराक अंगात तापतो, मग घोडी उधळणारच. हरभरा हळूहळू कमी कर; कोरडं गवत, स्वच्छ कडबा, थोडंथोडं पण दिवसभर. घोड्याचं पोट लहान असतं, ते तासन्‌तास रिकामं राहिलं तर पोटात जखमा होतात. बुरशी आलेला कडबा बैलाला खपेल म्हणून तिला घालू नकोस, पोटशूळ उठतो.

आता तुझ्याबद्दल. मांड्या, कंबर, तोल, काहीच आधीसारखं राहिलेलं नाही, आणि ते आठवायला ही घोडी नको. आधी कुणाच्या तरी शांत घोडीवर बसून अंग मोकळं कर. घोडसवारीचं हेल्मेट घाल, थोडी टाच असलेले बूट घाल. पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकला तर माणूस फरफटत जातं. ओढणी घरी ठेव. घोड्याला स्वतःच्या अगदी पुढचं आणि अगदी मागचं सोडून चोहीकडचं दिसतं, डोळ्याच्या कोपऱ्यात काही फडफडलं की ती बुजणारच.

जागाही नीट निवड. आपली काळी माती ओली असताना नाल ओढून घेते, उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. मुरमाची गाडीवाट बरी. नागपूरच्या मोठ्या रस्त्याकडे इतक्यात फिरकू नकोस, ट्रकच्या हॉर्नला अजून ती तयार नाही. चैत्र लागला की सूर्य वर यायच्या आत परत ये.

झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीनं सुमारे २,४०० वर्षांपूर्वी घोड्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यानं बजावलंय की रागाच्या भरात घोड्याशी वागू नये. मला ते शंभर टक्के पटतं. राग आला की दोर खुंटीला लाव आणि घरात जा.

गावात लोक विचारतील, बसतेस कधी? विचारू देत. येत्या वरातीत मिरवायला म्हणून तू ही घोडी आणलेली नाहीस. या आठवड्यात फक्त डॉक्टरांना बोलाव, तोंड आणि पाठ दाखव, आणि ते काय म्हणाले ते मला फोन करून सांग. खोगिराचं त्यानंतर बोलू.