पाहुण्यांच्या तीन हजार खुर्च्या

मुलगा मँचेस्टरला शिकतो, पण चाहता आर्सेनल फुटबॉल क्लबचा. आर्सेनल मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर खेळायला येणार म्हणून त्याने आर्सेनलचं सदस्यत्वही घेतलं. मैदानात चौऱ्याहत्तर हजार जागा, तरी तिकीट नाही! असं कसं? (पुणे)

ते चौऱ्याहत्तर हजार विसरा. त्यातल्या आर्सेनलच्या वाट्याला येतात साधारण तीन हजार. प्रीमियर लीगचा नियम असा, की यजमानाने पाहुण्या क्लबला किमान 3,000 तिकिटं द्यायची. मैदान तीस हजारांहून लहान असेल तर क्षमतेच्या दहा टक्के. बोर्नमथच्या मैदानात जागाच अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे तिथे अकराशे जणांवर भागवायचं.

ही तिकिटं यजमान नव्हे, पाहुणा क्लब आपल्या माणसांना विकतो. कुणाला आधी, याची रीत क्लबागणिक थोडी बदलते. पण मुख्य निकष एकच, आजवर बाहेरगावचे किती सामने गाठलेत; त्याचे गुण साठतात. लिस्टरची डिसेंबरातली बोचरी रात्र ज्याने सोसली, तो पुढे. वारी चुकवली नाही, त्याचा मान आधी. मला हे न्याय्य वाटतं, पण नवख्याची कोंडी होते हेही खरं: गुण हवेत तर सामन्याला जा, सामन्याला जायचं तर गुण हवेत. नोकरीच्या जाहिरातीत 'अनुभव आवश्यक' लिहिलेलं असतं, त्यातलाच प्रकार.

मुलाला सांगा, सुरुवात मोठ्या सामन्यापासून नको. एफए कप या वेगळ्या स्पर्धेवर डोळा ठेवा. तिथे पाहुण्यांना क्षमतेच्या पंधरा टक्क्यांपर्यंत हक्क असतो. ओल्ड ट्रॅफर्डवर ते अकरा हजारांच्या घरात जातं. पोलीस आणि सुरक्षा समिती आकडा खाली आणू शकतात, तरीही रांग बरीच पुढे सरकते. आणि युनायटेडच्या प्रेक्षकांत बसायचं तिकीट मिळालं, तर आर्सेनलचा शर्ट घरी ठेवायचा. गोल झाल्यावर उडी मारली तर बाहेरची वाट दाखवतात.

किमतीची मात्र काळजी नको. 2013 च्या जानेवारीत आर्सेनलच्याच मैदानावर पाहुण्यांना 62 पौंडांचं तिकीट लावलं होतं. मँचेस्टर सिटीकडे आलेल्या तीन हजारांतली 912 तिकिटं न खपता परत गेली. त्यावरून ओरड झाली, ती पुढे वाढत गेली आणि 2016-17 च्या हंगामापासून पाहुण्यांच्या तिकिटाला 30 पौंडांची मर्यादा आली.

एका संकेतस्थळावर पाहुण्यांच्या स्टँडचं तिकीट पाचपट भावाने दिसतंय. घ्यावं का? (ठाणे)

घेऊ नका. इंग्लंडमध्ये 1994 च्या फौजदारी कायद्याच्या कलम 166 नुसार फुटबॉलचं तिकीट अधिकार नसताना विकणं हा गुन्हा आहे, मूळ किमतीला विकलं तरी. गुन्हा विकणाऱ्याचा, पण फाटकाबाहेर उभे राहाल तुम्ही.

कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल सामने बघत वाढलो. पाटाकडील काय, दिलबहार काय, सामना संपला की सगळे एकाच गावात चालत घरी. इंग्लंडात पाहुण्यांना तीनच हजार का? निम्मी-निम्मी वाटणी का नाही? (कोल्हापूर)

तुमच्याकडे पाहुणा असा कुणी नाहीच, हा मोठा फरक. इंग्लंडात यजमानाच्या बहुतेक जागा हंगामभराच्या तिकिटांत आधीच गेलेल्या असतात. शिवाय हा परतफेडीचा आहेर आहे. प्रत्येक संघ प्रत्येकाकडे एकदा जातो आणि प्रत्येकाला एकदा बोलावतो. मी पाच हजार दिले तरी मला मिळणार तीनच, मग देईल कोण? म्हणून नियमातला 'किमान' आकडा व्यवहारात 'कमाल' होऊन बसलाय.

निम्म्याच्या जवळपास वाटणी त्रयस्थ मैदानावर होते आणि तीही सोपी नसते. 15 एप्रिल 1989 ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपची उपांत्य फेरी होती, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलचे पाठीराखे जास्त, तरी त्यांना लहान बाजू मिळाली, कारण कोण कुठल्या रस्त्याने शहरात येणार हे पाहून पोलिसांनी बाजू ठरवल्या होत्या. उभं राहून पाहणाऱ्या दहा हजार शंभर जणांसाठी आत जायला सात फिरती दारं. बाहेर गर्दी तुंबली तेव्हा पोलिसांनी मोठं फाटक उघडलं, पण आतला बोगदा बंद केला नाही. लोक थेट मधल्या, आधीच भरलेल्या कप्प्यांत शिरले. 97 माणसं गेली.

तिसरी वाटणीही आहे: शून्य. अर्जेंटिनाने 2013 मध्ये पाहुण्या प्रेक्षकांवर बंदी घातली. हॉलंडमध्ये आयाक्स आणि फेयेनूर्दच्या सामन्याला 2009 पासून पाहुणे नसतात. मला ही शून्याची वाटणी मुळीच पटत नाही. आयाक्स-फेयेनूर्द सामना कधी टीव्हीवर लागला तर आवाज वाढवून बघा; पाहुण्यांनी गोल केला की अख्खं मैदान गप्प होतं.